‘काहून बे’ फॅशनीत आलं, ऐकलं काय?

ऐकलं काय वं? नाही ऐकलं? मग आधी दार लोटून घ्या, चहा टाका आणि बसा. गोष्टच तशी आहे. यवतमाळची अब्रू पुण्याच्या रस्त्यावर आली आहे, आणि तीही टी-शर्टावर छापून!

झालं असं, की दिवाळीत माझ्या नणंदेचा मुलगा आला. जन्म पुण्याचा, शाळा पुण्याची. आजवर आला की ‘मामी, मला भात थोडासाच वाढा’ असं पाठ्यपुस्तकासारखं बोलायचा. यंदा ऑटोतून उतरला तो काळा टी-शर्ट घालून. छातीवर वीतभर पांढरी अक्षरं : ‘काहून बे?’ माझ्या सासूबाई ओट्यावर बाजेवर बसून वाती वळत होत्या. हा वाकला, पाया पडला आणि म्हणतो कसा, ‘काय बे आजी, कशी हायेस? लई भारी दिसतीस!’

सासूबाईंच्या हातातली वात गळून पडली. एका वाक्यात यवतमाळ, कोल्हापूर आणि मोबाइल असे तीन प्रांत नांदत होते. त्यांनी चष्मा पुसला, पोराला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘बे? मी तुले बे दिसतो काय रे?’

(‘दिसतो’ वाचून भुवया उंचावू नका. आमच्याकडच्या जुन्या बाया ‘मी येतो’, ‘मी करतो’ असंच म्हणतात. त्यावरून त्यांना कोणी कधी गडी समजलेलं नाही.)

मग ओट्यावरच तास सुरू झाला. ‘बे म्हनावं बरोबरीच्या गड्याले. लहान्याले रे. बाईले वं. मोठ्याले जी. अन् आजीले आजी म्हनावं, भैताड!’

आता एखादा शहाणा असता तर खाली मान घालून फराळाकडे वळला असता. यानं खिशातून मोबाइल काढला. ‘आजी, ते भैताड परत एकदा म्हण ना, रील करतो.’ आणि आमच्या सासूबाई, ज्यांनी जन्मात फोटोला पदर सारखा केल्याशिवाय तोंड दाखवलं नाही, त्यांनी पदर सारखा केला आणि दुप्पट आवाजात ‘भैताड’ म्हटलं. रात्रीच्या जेवणापर्यंत त्या कोथरूडच्या चार सोसायट्यांत पोचल्या होत्या.

शिव शिव! कुठं नेऊन ठेवायचं हे?

आणि हे एकट्या आमच्या घरचं नाही बरं. जिकडे पाहावं तिकडे हेच खूळ. हॉलिवूडचा कोणी धिप्पाड नट तलवार उपसून उभा, आणि त्याच्या तोंडी कोणी पोट्ट्यानं घातलेलं असतं, ‘अबे, तुले सांगून रायलो ना!’ शिव्यांसकट, हिशेबासकट, खर्ऱ्याच्या उधारीसकट. चहाच्या कपावर ‘हाव ना बाप्पा’. लग्नाच्या पत्रिकेत ‘येजा बरं सगळे जन’. ज्यांना पैनगंगा कुठून वाहते ते ठाऊक नाही, ते ‘डोक्शाले ताप नको देऊ’ म्हणताहेत. पूर्वी नागपूर-पुणे गाडीत आमची माणसं वर्धा सोडलं की आवाज खाली आणायची आणि दौंड आलं की ‘मले’चं ‘मला’ करायची. आता पुण्याची पोरं दौंड सोडलं की ‘मला’चं ‘मले’ करतात. रुळांना तरी काय वाटत असेल!

या सगळ्याला सुरुवात कुणी केली, असा पंचनामा आमच्या गल्लीत झाला. पहिलं बोट टीव्हीकडे गेलं. 2014 साली ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं आणि अमरावतीकडच्या भारत गणेशपुरेंनी महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात बसून वऱ्हाडीत बोलायला सुरुवात केली. मुंबईचे मोठमोठे नट समोर, आणि हा गृहस्थ आपल्या घरच्याच चालीत बोलतोय, जराही न लाजता. लोक हसले. हसता हसता त्यांच्या कानाला सवय लागली आणि सवयीचं खूळ झालं. काही लोक ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’वरही संशय घेतात. तो मात्र अन्याय आहे. लक्ष्मण देशपांड्यांचं ते वऱ्हाड म्हणजे लग्नाचं वऱ्हाड, आणि बोली मराठवाड्याची. आमचा त्यात काडीचा हात नाही.

पण खरं सांगू? सगळा दोष टीव्हीच्या माथी मारणं बरं नव्हे. ही भानगड जुनी आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर म्हणून गाव आहे. तेराव्या शतकात तिथं बसून म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिलं, ज्याला मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानतात. म्हणजे मराठी गद्याला पहिलं पाऊल टाकायला मुठेचा काठ नाही सुचला, वऱ्हाडची माती सुचली. आता त्याच रिद्धपुरात मराठी भाषेचं विद्यापीठ आलंय, आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ‘आमची मराठी किती जुनी’ म्हणून जे पुरावे सगळ्या महाराष्ट्रानं मिरवले, त्यांत हाही होता. पुरावा आमचा चालतो, बोललं की हसू येतं!

पुढं शेंडगावचे गाडगेबाबा. हातात खराटा, डोक्यावर गाडगं आणि तोंडात ठेठ वऱ्हाडी. कीर्तनात समोरच्या माणसाला सरळ प्रश्न विचारायचे आणि त्याच्याच तोंडून उत्तर वदवायचे. त्यांना कुणी ‘आधी मला म्हणा, मग स्वच्छता शिकवा’ असं सांगितल्याचं ऐकिवात नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही कादंबरी 1960 साली आली. तिच्यातली कौतिक वऱ्हाडीत बोलते, वऱ्हाडीत झुरते. गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’ लिहिली. आणि आमच्या यवतमाळचे शंकर बडे! त्यांचा ‘बॅरिस्टर गुलब्या’ ज्यांनी प्रत्यक्ष ऐकला, त्यांना विचारा. एकटा माणूस उभा राहायचा आणि अख्खं गाव मंचावर यायचं. मिर्झा रफी अहमद बेग यांनी वऱ्हाडीत लोकांना पोट धरून हसवलं, आणि हसून झाल्यावर कापसाचा भाव काय चाललाय ते आठवून दिलं. एवढे मोठे गुन्हेगार उजळ माथ्यानं वावरले आणि आम्ही मात्र टी-शर्टाला धरून बसलोय.

गोऱ्या साहेबानंही चौकशी केली होती म्हणा. ग्रिअर्सन नावाच्या साहेबानं हिंदुस्थानातल्या बोली मोजायला घेतल्या. 1905 साली निघालेल्या त्याच्या सातव्या खंडात मराठीचा नंबर लागला, आणि त्यात वऱ्हाडीही आली. त्याची पद्धत मजेची. बायबलातली उधळ्या पोराची गोष्ट घ्यायची आणि ती प्रत्येक बोलीत सांगवून घ्यायची. तेव्हा त्या उधळ्या पोरानं वऱ्हाडीतही बापाची माफी मागितलेली आहे. आमच्या नणंदेच्या पोरानं आजीची अजून मागितलेली नाही.

शाळेत मात्र आम्हाला हे काही सांगितलं नव्हतं. मी तिसरीत असताना खेळता खेळता डोळ्यात कचरा गेला. रडत रडत बाईंकडे गेले, ‘बाई, माह्या डोयात काडी गेली.’ बाई म्हणाल्या, ‘डोयात नाही, डोळ्यात. म्हण पाहू.’ मी म्हटलं. ‘माह्या नाही, माझ्या.’ तेही म्हटलं. मग काडी काढली. डोळा दोन दिवस लाल होता, पण ‘ळ’ कायमचा बसला.

बाईंना काय दोष द्यायचा? आमच्याकडे ‘ळ’ हे अक्षर पाहुणं येतं आणि ‘य’ होऊन जातं. काळा तो काया, शाळा ती शाया, पोळी ती पोयी, केळ ते केय. ‘ण’ला आम्ही पाण्यात सोडलं आणि पानी केलं. विहिरीचा ‘व’ विहिरीतच पडला, वर आली ती इहीर. ‘तो जातो’ न म्हणता ‘तो जाते’ म्हणतो. कुठंही जायचं तर नुसतं जात नाही, ‘जाऊन रायलो’ म्हणतो, म्हणजे पोचायला उशीर झाला तरी चालण्याबद्दल कुणाला शंका नको. हे वाचून ‘अशुद्ध’ म्हणून नाक मुरडणारे आहेत. त्यांना मी एकच विचारते. आत्ता यायचं असेल तर आम्ही म्हणतो ‘ये’. उद्या-परवा, सवडीनं यायचं असेल तर म्हणतो ‘येजो’. आत्ता कर, ते ‘कर’. मी गेल्यावर कर, ते ‘करजो’. तुमच्या शुद्ध मराठीत आहे का हा भेद एका शब्दात? नाही ना? मग पाणी प्या. म्हणजे पानी.

आणि शुद्धतेचाच हिशेब मांडायचा तर तोही चुकता करू. लोकनायक बापूजी अणे आमच्या वणीचे. त्यांनी टिळकांवर ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हे महाकाव्य लिहिलं, तेही संस्कृतात. 1973 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी यवतमाळात साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. म्हणजे मनात आणलं तर आम्ही संस्कृतही लिहितो. ‘काहून बे’ म्हणतो ते येत नाही म्हणून नव्हे, आवडतं म्हणून!

बरं, ‘यवतमाळची बोली’ म्हणून हे जे काही रीलवर चाललंय, ते नेमकं कुठल्या गावचं? जिल्ह्यात तालुके सोळा. दारव्हा-नेरकडं जा, अमरावतीचा वारा लागतो. वणी-मारेगावकडं चला, चंद्रपूर-नागपूरची चाल ऐकू येते, बोलण्यात ‘जी’ वाढतो. पुसद-उमरखेडला बोली मराठवाड्याकडं झुकते. दिग्रस-पुसदच्या तांड्यांवर गोरमाटी. महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री देणारं नाईकांचं घर याच पट्ट्यातलं, आणि वसंतराव तर 1963 ते 1975 इतकी वर्षं खुर्चीवर होते. पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणीकडं कोलामी आणि गोंडी. पैनगंगा ओलांडली की तेलुगू. आमच्या बाजारात एका सकाळी चार भाषांत भाव पाडून मागितला जातो आणि पाचव्या भाषेत, म्हणजे नुसत्या मानेनं, नाकारला जातो. रीलमध्ये यातलं काय उतरतं? तर एक ‘बे’.

स्वयंपाकघरातही गोंधळ आहेच. भाच्याला म्हटलं, ‘बाजारातून जुडीभर सांबार आण.’ पोरगा थबकला. जुडीनं सांबार? उडप्याकडे तर वाटीनं मिळतं! त्याला काय माहीत, आमचा सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडीला लागते ती. बटाटा आमच्याकडे आलू, टोमॅटो म्हणजे भेदरं. भाजी ढवळायला सराटा, पाणी प्यायला गडवा. तो यादी लिहून घेऊन गेला. सांबार आणला, भेदरंही आणली. येताना मात्र हसत होता. भाजीवालीनं त्याच्या टी-शर्टाकडं बघून विचारलं होतं, ‘काहून बे काय? समोर काई लिहिलं नाई त्याच्या? काहून बे, काय झालं? काहून बे, आला नाई? सवाल अर्धाच छापला!’ पाहिलंत? पुण्यात छापताना कुणाच्या लक्षात नाही आलं, भाजीवालीच्या आलं.

संध्याकाळी हा पानठेल्यावर जाऊन उभा राहिला. आता खर्रा ही काही मिरवायची वस्तू नव्हे, आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी तोंडांचं तिनं वाटोळं केलं आहे. पण भाषा ऐकायची तर ठेल्यासारखी जागा नाही. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून ठेलेवाला घोटत असतो, आणि तेवढ्या वेळात जगाचा निकाल लागतो. तिथं एक म्हातारा कास्तकार आला. ठेलेवाला त्याच्या नातवाच्या वयाचा. आधी दोन दोस्तांशी ‘अबे, तुबे’ चाललेलं, म्हातारा दिसताच गाडीचा गिअर बदलावा तसा बोलला, ‘या जी बाबा. झाली का येचनी?’ म्हातारा म्हणाला, ‘मजूर कोठी भेटते बावा!’ आणि दोस्ताकडं वळून पुन्हा, ‘सरक ना बे, बाबाले बसू दे.’ एका श्वासात ‘जी’ आणि ‘बे’, दोन्ही जागच्या जागी. भाचा घरी येऊन म्हणाला, ‘मामी, हे रीलमध्ये नसतं.’ चला, पोरगा अगदीच वाया गेला नाही म्हणायचं.

वऱ्हाडी म्हटलं की हसायचंच, हे कुणी ठरवलं? सतीश मनवरांचा 2009 सालचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा सिनेमा आठवतो ना? ‘गाभ्रीचा’ ही आमच्याकडची शिवीच. पण ती घातली आहे पावसाला, आणि ती घालणारा कास्तकार आहे, ज्याच्या वावरात पेरलेलं उगवलं नाही. तिथं कोण हसणार? 11 जानेवारी 2019 रोजी यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं. उद्घाटनाच्या पाहुण्यांना निमंत्रण देऊन ते मागं घेतल्याची भानगड सगळ्या देशानं चवीनं चघळली. शेवटी मंचावर उभी राहिली कळंब तालुक्यातल्या राजूरची वैशाली येडे, नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर घर आणि वावर दोन्ही ओढणारी बाई. त्या दिवशी मंडपातल्या कुणाला वऱ्हाडची गंमत सुचली नव्हती.

आणि पोरं आता वऱ्हाडीत रॅप करतात म्हणाल, तर तेही नवं नाही. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या म्हणतात. यमकावर यमक. सरकारला टोला, सावकाराला टोला, कापसाच्या भावाला टोला, शेवटी महादेवाचा जयघोष. माईक नाही, टोपी उलटी नाही, पण ठेका तोच. फक्त त्याचं रील कुणी केलं नाही, कारण त्यातले अर्धे शब्द आता कळायला म्हातारे शोधावे लागतात.

हा सगळा बोभाटा ज्या खऱ्या गोष्टीसाठी मांडला, ती आता सांगते. जरा जवळ या, मोठ्यानं सांगण्यासारखी नाही.

भाच्यानं जाताना विचारलं, ‘मामी, ताई तर इथलीच. मग ती ऑफिसात वऱ्हाडी बोलून दाखव म्हटलं की अडखळते का?’ माझ्याकडे उत्तर होतं, पण दिलं नाही. ती लहान असताना ‘मले भूक लागली’ म्हणाली की मी ताट सरकवायच्या आधी ‘मला’ म्हणायला लावायची. इंग्रजी शाळेत घातलं, घरातही ‘नीट बोल’ सुरू ठेवलं. आजीजवळ जास्त बसली की ओढून अभ्यासाला बसवलं. पोरीची पुण्यात नोकरी लागली, मी पेढे वाटले. आता तिथं तिच्या मैत्रिणी म्हणतात, ‘अय्या, तू यवतमाळची? बोल ना वऱ्हाडी, किती गोड वाटतं!’ आणि माझी मुलगी मोबाइलवर बघून आपल्याच आजीची भाषा शिकते आहे. तिसरीतल्या बाईंनी मला डोळ्याची काडी काढायच्या आधी ‘ळ’ शिकवला, आणि मी पोरीला ताटाआधी. फरक एवढाच, की बाईंकडं शाळा सुटली की सुट्टी होती, माझ्याकडं नव्हती.

तेव्हा टी-शर्टवाल्या पोरांवर दात खाण्यात अर्थ नाही. त्यांनी निदान ‘बे’ उचलला. आम्ही तर ‘बे’सकट वखर, डवरा, तिफन, धुरा, पऱ्हाटी, येजो, करजो सगळं उकिरड्यावर टाकायला निघालो होतो. विठ्ठल वाघांची तिफन पोरं कवितेत पाठ करतात, पण तिफन वावरात कशी चालते ते विचारलं तर फोनमध्ये शोधतात.

पोरांचं मात्र चुकतं ते एवढंच, की त्यांचा पाढा ‘बे एके बे’वरच अडकलाय. बे दुणे चारपर्यंत कुणी गेलंच नाही. ‘बे’च्या पुढं ‘रे’ आहे, ‘वं’ आहे, ‘जी’ आहे. कुणाला काय म्हणायचं हे ज्याला कळलं, त्याला वऱ्हाडी आली. बाकीच्यांना नुसता आवाज आला.

निघताना पोरानं आजीला नमस्कार केला. टी-शर्ट तोच, धुऊन इस्तरी केलेला. म्हणाला, ‘येतो जी आजी.’ सासूबाईंनी त्याच्या हातावर वातींचा पुडा ठेवला आणि म्हणाल्या, ‘येजो बावा.’ मग तो पाठमोरा झाला तेव्हा बघितलं, शर्टाची मागची बाजू अजून कोरीच आहे. छापणाऱ्यांनो, पुढच्या वेळी तिच्यावर ‘जी’ छापा. आणि आयांनो, पोरं ‘मले’ म्हणाली तर आधी जेवू घाला.